वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचे तिचे नाव तिनेच लिहिले

मागच्या अंकात भिंतीचित्रांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी असे लिहिले होते की, न्यूयॉर्कच्या पोरांनी रस्त्यावरच्या भिंतींवर आणि भुयारी रेल्वेच्या डब्यांवर आपापली नावे लिहायला सुरुवात केली आणि त्यातून आजची ग्राफिटी उभी राहिली. त्यातल्या 'पोरांनी' या एका शब्दावरून मराठवाड्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. मराठीत 'पोर' हा शब्द नपुंसकलिंगीही चालतो आणि त्यात मुलीही येतात, अशी पळवाट मला काढता आली असती. परंतु लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मुलगेच होते, हे प्रामाणिकपणे कबूल करते आणि उत्तरांकडे वळते.

प्रश्न : मी चित्रकलेची पदविका करत आहे. तुमच्या उत्तरात एकाही मुलीचे नाव नव्हते. सुरुवातीच्या काळात खरोखरच एकही मुलगी नव्हती का? असल्यास त्यांची नावे सांगावीत. — एक विद्यार्थिनी, लातूर

होत्या, आणि ज्या बातमीपासून या कलेचा लेखी इतिहास मोजतात त्या बातमीतच होत्या. २१ जुलै १९७१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'टाकी १८३' हे नाव शहरभर लिहीत सुटलेल्या एका किशोरवयीन मुलाची बातमी छापली. निरोप्याचे काम करणारा हा मुलगा जाईल तिथे मार्करने आपले टोपणनाव लिहून ठेवत असे. त्याचे पाहून शेकडो जण लिहू लागले आहेत, असे सांगून बातमीदाराने वानगीदाखल पाच नावे दिली होती : जो १३६, बार्बरा ६२, ईल १५९, यँक १३५ आणि लिओ १३६. त्यातले दुसरे नाव मुलीचे आहे. टाकीचे नाव या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येते. त्याच बातमीतली बार्बरा मात्र यादीतच राहून गेली, आणि ती चूक पुढे नेणाऱ्यांमध्ये मागच्या महिन्यात माझीही भर पडली.

बार्बरा ६२ हिची जोडीदारीण होती ईव्हा ६२. दोघी मिळून लिहीत आणि त्यांची नावे त्या काळातल्या सर्वाधिक दिसणाऱ्या नावांपैकी होती. त्यांच्याखेरीज मिशेल ६२, चार्मिन ६५ आणि ब्रुकलिनमधली स्टोनी ही नावेही १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचीच. आता यातले 'स्टोनी' हे नाव पाहा. ते मुलीचे आहे हे नुसत्या अक्षरांवरून कोणाला कळणार? टोपणनावाने लिहायचे, चेहरा दाखवायचा नाही, पोलिसांच्या हाती लागायचे नाही, अशी ज्या कलेची रीतच होती, तिच्यात ज्या नावाचा धनी ठाऊक नाही ते नाव मुलाचेच, असे वाचणाऱ्यांनी गृहीत धरले. त्यामुळे मुली मुळात कमी होत्या हे खरे असले, तरी इतिहासात त्या आहेत त्याहून कमी दिसतात.

दुसरे कारण असे की ही चित्रे टिकत नव्हती. रेल्वे प्रशासन डबे धूत असे, एकाच्या नावावर दुसरा रंग चढवत असे, आणि आज रंगवलेला डबा आठवड्याने दिसेलच याची शाश्वती नसे. जे उरले ते छायाचित्रांत उरले. त्यातही एका बाईचा वाटा मोठा आहे. मार्था कूपर ही 'न्यूयॉर्क पोस्ट'ची छायाचित्रकार. एका मुलाने आपली वही दाखवून तिला या जगाची ओळख करून दिली, आणि नंतर पहाटेपासून रुळांच्या कडेला उभी राहून रंगवलेल्या गाड्या टिपण्याचा तिने ध्यासच घेतला. हेन्री चॅलफंट या शिल्पकाराबरोबर तिने केलेले 'सबवे आर्ट' हे छायाचित्रांचे पुस्तक १९८४ मध्ये निघाले, आणि युरोपातल्या मुलामुलींनी अक्षरे गिरवली ती त्यावरूनच.

आता ज्यासाठी हे उत्तर लांबवले ती गोष्ट. न्यूयॉर्कच्याही आधी, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, फिलाडेल्फिया शहरात 'कॉर्नब्रेड' या टोपणनावाचा मुलगा भिंतींवर लिहीत असे. त्याच्या सुरुवातीच्या लिखाणात 'कॉर्नब्रेडचे सिंथियावर प्रेम आहे' हे वाक्य होते. शाळेतल्या एका मुलीचे लक्ष वेधून घेण्यासाठी तो ते तिच्या वाटेवर लिहीत असे. म्हणजे या कलेच्या उगमाशीच एका मुलीचे नाव भिंतीवर चढले आहे, मात्र ते लिहिणारा हात तिचा नाही. आपल्याकडे देवगिरीच्या किल्ल्यावर चढताना कठड्यांवर, कमानींवर बाण मारलेल्या बदामात जी मुलींची नावे कोरलेली दिसतात, त्यातली किती त्या मुलींनी स्वतः कोरली असतील? त्यातल्या बऱ्याच जणींना आपले नाव तिथे आहे याचा पत्ताही नसेल. बार्बराने केले ते यापेक्षा वेगळे होते. तिने कोणाचे प्रेम जाहीर केले नाही आणि कोणाच्या प्रेमाचा विषयही झाली नाही. तिने आपले नाव आपल्या हाताने लिहिले, इतकेच.

प्रश्न : नावापुढचे १८३, ६२ हे आकडे कशाचे? — एक वाचक, परभणी

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात रस्त्यांना क्रमांक आहेत, आणि आपण राहतो त्या रस्त्याचा क्रमांक नावापुढे लावण्याची पद्धत पडली होती. टाकी हा १८३व्या रस्त्यावरचा. आपण 'गंगाखेडकर' किंवा 'अंबाजोगाईकर' म्हणतो, तसाच हा प्रकार समजावा. ही मंडळी स्वतःला चित्रकार म्हणत नसत, 'रायटर' म्हणजे लिहिणारे म्हणत. पुढे प्रचंड चित्रे काढू लागले तरी शब्द तोच राहिला.

प्रश्न : आमच्या घरच्या बायका पिढ्यान्पिढ्या भिंती सारवत, पांढऱ्या मातीचा हात देऊन गेरूचे काठ ओढत आल्या, नागपंचमीला नाग काढत आल्या. त्यांना कधी भिंतीवर स्वतःचे नाव घालावेसे वाटले नाही. नुसते नाव लिहिण्यात कला कोणती? — निवृत्त शिक्षक, गंगाखेड

गुरुजी, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. त्यांपैकी सोपा आधी घेते.

नुसत्या सहीपासून सुरुवात झाली हे खरे, आणि त्या पहिल्या सह्यांत कला शोधू नये. त्यांत जिद्द होती आणि आपण इथे येऊन गेलो हे सांगण्याची हौस होती. मात्र शहरभर हजारो सह्या झाल्यावर आपली सही उठून दिसावी म्हणून अक्षरे मोठी होत गेली. त्यांना बाह्यरेषा आली, आत रंग भरले गेले, मागे ढग आणि सावल्या आल्या. १९७२च्या सुमारास 'सुपर कूल २२३' या रायटरने घरगुती फवाऱ्याच्या डब्यांची रुंद धार सोडणारी टोपी रंगाच्या डब्याला बसवून पाहिली आणि मोठे क्षेत्र झपाट्याने भरता येऊ लागले. पुढे अक्षरे एकमेकांत अशी गुंतवण्यात आली, त्यांना बाण आणि वळणे अशी फुटली, की जाणकाराखेरीज कोणाला नाव वाचताच येऊ नये. त्या शैलीला 'वाइल्डस्टाइल' म्हणतात. आपण वर्गात सुलेखन शिकवलेले असणार, म्हणून एक गंमत सांगते. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, ती आपोआप एका ओळीत बांधली जातात. रोमन अक्षरे मात्र सुटी उभी राहतात. न्यूयॉर्कच्या मुलामुलींना एकेका अक्षराचा पाय दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून ती बांधणी स्वतः शोधावी लागली, आणि त्या कलेतले निम्मे कौशल्य त्या सांध्यांतच आहे.

दुसरा प्रश्न मात्र मला बरेच दिवस पुरला. आपल्या बायकांना नाव घालावेसे वाटले नाही, की घालण्याची सोयच नव्हती? महालक्ष्म्यांच्या सणाला माझी आई हळदीकुंकवाच्या पाण्यात तळवा बुडवून दारापासून देवघरापर्यंत पंजे उमटवत असे. तो हात तिचा होता, बोटांची ठेवणही तिची होती, पण त्याखाली नाव नसे. नाव असे ते स्टीलच्या भांड्यांवर. भांड्यांच्या दुकानात ते छोटे यंत्र घर्र घर्र करत पातेल्याच्या काठावर टिंबाटिंबांची अक्षरे उठवते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या घरातले प्रत्येक पातेले आईने घासले, तिनेच वापरले, आणि त्या प्रत्येकावर वडिलांची आद्याक्षरे आहेत. एका तांब्यावर फक्त 'सौ.' पासून सुरू होणारे नाव आहे, आणि तेही आहेर देणाऱ्या मावशीचे, म्हणजे खरे तर तिच्या यजमानांच्या नावाआडनावासकट. उखाण्यात बाई नाव घेते तेही नवऱ्याचेच.

तरीही आपल्या गावाला हे उत्तर मी सांगावे असे नाही. गंगाखेडची जनाबाई दळणकांडण करणारी, दासी म्हणवणारी. तिने अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली आणि त्या मुद्रेत नामदेवांच्या नावाशेजारी 'जनी' हे स्वतःचे नाव ठेवले. ती मुद्रा पुसली गेली नाही म्हणून सातशे वर्षांनंतरही अभंग कोणाचा हे आपल्याला कळते. ग्राफिटीतली सही आणि अभंगातली मुद्रा एकच, असे मी म्हणणार नाही, कारण एक देवापुढे आहे आणि दुसरी शहरापुढे. मात्र आपल्या श्रमाखाली आपले नाव ठेवण्याची इच्छा बाहेरून आलेली आहे असे जर आपल्याला सुचवायचे असेल, तर तसे म्हणायला आपल्या गावात तरी जागा नाही.

प्रश्न : अजिंठ्याच्या लेण्यात एका इंग्रजाने नाव कोरले आहे. मग तीही ग्राफिटीच म्हणायची का? आणि मुलींना हे सगळे सांगून तुम्ही वारशाच्या भिंती खराब करायला शिकवत नाही ना? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

शब्दाच्या मूळ अर्थाने ती ग्राफिटीच, कारण इटालियन भाषेतल्या या शब्दाच्या मुळाशी ओरखडणे, कोरणे हाच अर्थ आहे. जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने फिरताना लेणी पाहिली आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख ओरखडून ठेवली. त्या वेळी लेण्यात मातीदगडांचा ढीग साचलेला असल्यामुळे तो उंचावर उभा होता, म्हणून ते नाव आज माणसाच्या डोळ्यांच्या बरेच वर आहे. ते शोधून दाखवताना वाटाडे खुशीत असतात. मला ते पाहताना दर वेळी खाली झाकले गेलेले चित्रच आठवते.

संरक्षित स्मारकाला हात लावणे हा गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. इतर मालमत्तेसाठी महाराष्ट्रात १९९५ चा विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे. न्यूयॉर्कच्या मुलामुलींनी कायदा मोडला हे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्या शहरातल्या सामान्य प्रवाशाला रंगांनी बरबटलेल्या खिडक्यांमधून आपले स्थानक दिसत नसे, ही त्याची तक्रारही खोटी नव्हती. १२ मे १९८९ रोजी तिथल्या प्रशासनाने शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढली आणि तो अध्याय संपला. इतिहास सांगणे म्हणजे परवानगी देणे नव्हे.

प्रश्न : माझा भाऊ मित्रांबरोबर रात्री भिंती रंगवायला जातो; आमच्या कॉलनीतल्या भिंतीही त्यांनी रीतसर विचारून रंगवल्या. मला मात्र घरून 'मुलीच्या जातीने रात्री कशाला' असे ऐकावे लागते, आणि भावाचे मित्र म्हणतात की मुली फक्त रंग भरायला बऱ्या. लेडी पिंकविषयी कुठेतरी वाचले. ती मुलगी असून कशी गेली? लोक काय म्हणाले? आणि मला सुरुवात करायची तर कशी करावी? — बी.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, नांदेड

लेडी पिंकचे खरे नाव सँड्रा फाबारा. जन्म १९६४ चा, इक्वेडोर देशातल्या अंबातो गावचा; वाढली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. १९७९ मध्ये, ती पंधरा वर्षांची असताना, तिच्या मित्राला अटक झाली आणि त्याला पोर्तो रिकोला पाठवून देण्यात आले. त्या दुःखात ती शहरभर नाव लिहीत सुटली, आणि ते नाव होते त्या मित्राचे. लातूरच्या पत्राला उत्तर देताना मी कॉर्नब्रेड आणि सिंथियाविषयी लिहिले आहे. त्या गोष्टीतली बाजू इथे उलटली, पण पिंकचीही सुरुवात दुसऱ्याच्या नावाने झाली. चित्रकलेच्या शाळेत रायटर मुले भेटली, त्यांच्यातल्या एकाने 'पिंक' हे नाव सुचवले, आणि तिने ते घेतले, कारण वाचताच हे मुलीचे आहे असे कळत होते आणि त्याची अक्षरेही तिला देखणी वाटत होती. ऐतिहासिक प्रणयकथांची आवड असल्यामुळे 'लेडी' ही पदवी तिने आपली आपणच लावून घेतली. स्टोनीचे नाव लपून राहते असे मी वर म्हटले. पिंकने लपण्याची सोयच ठेवली नाही.

रात्री जाणे म्हणजे काय, ते नीट डोळ्यांसमोर आणा. रेल्वेच्या यार्डात गाड्या शेजारीशेजारी उभ्या असतात आणि दोन गाड्यांमध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा असते. रुळांलगत सहाशे व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युत रूळ उघडा असतो, त्याला पाय लागता कामा नये. डबा पन्नास फुटांच्या पुढे लांब, उजेड जवळजवळ नाही, आणि आपण काढतो ते अक्षर कसे दिसते हे पाहायला मागे सरकता येत नाही, कारण मागे दुसरी गाडी आहे. म्हणजे माणसाहून उंच अक्षर हातभर अंतरावरून, अंदाजाने, पूर्ण चित्र मनात धरून काढायचे. ज्या मुलांना 'मुली रंग भरायला बऱ्या' असे वाटते, त्यांना हे सांगून पाहा. पिंकने असे १९७९ ते १९८५ या काळात केले.

लोक काय म्हणाले, हे आपल्याकडच्या कोणत्याही मुलीला वेगळे सांगायला नको. चित्रे मुले काढतात आणि ही नुसती नाव मिरवते, असे म्हणाले. आणि मुले तिला सोबत का नेतात याविषयीही नको ते बोलले गेले. अशा अफवांविषयी तिने मुलाखतींतून अनेकदा सांगितले आहे. त्यावर तिचा उपाय वाद घालण्याचा नव्हता : आपले रंगाचे डबे आपण वाहायचे, आपले अक्षर सर्वांसमोर आपण काढायचे. 'टीसी५' सारख्या मुलांच्या गटात ती काम करतच होती. १९८० मध्ये तिने 'लेडीज ऑफ द आर्ट्स' नावाचा फक्त मुलींचा गटही उभा केला. लेडी हार्ट ही तिच्याबरोबर डबे रंगवणारी दुसरी मुलगी.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगते. १९८३ मध्ये आलेल्या 'वाइल्ड स्टाइल' या चित्रपटात तिने 'रोझ' नावाच्या मुलीची भूमिका केली. त्याच वर्षी जेनी होल्झर या कलावंत स्त्रीचे सत्तेच्या गैरवापराविषयीचे वाक्य छापलेला बनियन घालून ती टाइम्स स्क्वेअरमध्ये उभी राहिली, ते छायाचित्र आजही फिरत असते. १९८४ मध्ये तिचे पहिले एकल प्रदर्शन भरले ते फिलाडेल्फियात, मुलींच्या एका कलामहाविद्यालयात. सिंथियाचे नाव जिथे भिंतीवर चढले, तेच हे शहर.

आपल्या देशातही आता मुली उघड, दिवसाढवळ्या आणि परवानगीने रंगवत आहेत, हे घरी सांगायला उपयोगी पडेल. दिल्लीची 'डिझी' ही अक्षरे रंगवणारी. अनपू वर्की हिने २०१४ मध्ये एका जर्मन चित्रकाराबरोबर दिल्लीच्या तेव्हाच्या पोलीस मुख्यालयाच्या उंच भिंतीवर महात्मा गांधी रंगवले. म्हणजे पोलिसांचीच भिंत, पोलिसांच्याच परवानगीने. मुंबईत वांद्र्याला जस चरनजिवा हिने डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर मुठीत लोखंडी पंजा घातलेली साडीतली बाई रंगवली, ती पुष्कळांनी पाहिली असेल.

आता सुरुवातीविषयी. रात्रीचा हट्ट सोडा. घराच्या मागची किंवा कॉलेजची भिंत लेखी परवानगीने मागा आणि सकाळी रंगवा, कारण आपल्याकडे मार्चनंतर दुपारी भिंत इतकी तापते की रंग नीट बसण्याआधीच सुकतो. आपल्याकडच्या बहुतेक भिंतींना चुन्याचे थर असतात. ते खरवडून, धूळ झटकून, प्राइमरचा एक हात दिल्याशिवाय फवारू नका, नाहीतर पहिल्या पावसात रंगासकट पोपडा हातात येईल. रंगाचा डबा मिनिटभर चांगला हलवा. आधी हात फिरवायला सुरुवात करा आणि मग टोपी दाबा. हात थांबवून दाबली की ओघळ आलाच. जवळून धरला तर रेष बारीक आणि धारदार येते, वीतभर किंवा अधिक लांबून धरला तर कडा मऊ होते. काम संपल्यावर डबा उलटा करून नुसती हवा येईपर्यंत फवारा, म्हणजे टोपी तुंबणार नाही. तोंडाला कापड नको, वाफ अडवणारा मास्क हवा. भरलेले डबे उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, ते फुटतात.

आणि पहिले अक्षर भावाच्या मित्रांच्या वहीतले उचलू नका. तुमच्या नावात ज्या अक्षराला काना किंवा वेलांटी असेल ते निवडा. देवनागरीत वेलांटीला जे वळण घेता येते ते रोमन अक्षरांना मिळत नाही, आणि त्यावर अजून फार कमी जणांनी काम केले आहे. भिंत झाली की छायाचित्र पाठवा. मात्र खालच्या कोपऱ्यातली सही कापली जाणार नाही असे काढा.